सूर धरणारी

माझा आवाज बाईमाणसाच्या मानानं फार खालचा आहे. नागपुरात शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला कायम मुलांच्या बाजूला उभं करायचे, आणि ओहायोत डब्लिनला आल्यावर मंडळाच्या गणपतीतही तेच झालं. कार्यक्रम संपल्यावर एका काकूंनी जवळ येऊन विचारलं, आवाज वेगळाच आहे हो, कुणाकडे शिकलात, आणि आडनाव काय म्हणालात? आडनाव मी म्हणालेच नव्हते. सांगितल्यावर काकूंनी दोनदा ‘अच्छा’ केलं, आणि पुढच्या वर्षी समूहगानाचे फोन सगळ्या घरी गेले, आमच्याच घरी यायचा राहून गेला. हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणून मीही विचारायला गेले नाही.

तर कुणाकडे शिकले? कुणाकडेच नाही. माझे बाबा आंबेडकरी जलशात सुरत्या होते. शाहीर पुढे उभा राहून गातो, लोक त्याच्याकडे बघतात. सुरत्या त्याच्या मागे उभा राहून तुणतुणं छेडतो, तोंडानं एकच सूर धरून ठेवतो आणि ओळ संपली की ‘जी जी’ करतो. ‘दुसऱ्याची री ओढणं’ असं आपण ज्याला नाक मुरडून म्हणतो ना, तेच माझ्या बापाचं काम. त्यांच्यासमोर कुणी हा वाक्प्रचार वापरला की ते चिडायचे. म्हणायचे, एकदा ओढून पाहा म्हणा री, मग समजेल. शाहीर ओळ विसरला तर लोक माफ करतात, पण खालचा सूर सुटला तर शाहिराला उभं राहायला जमीनच उरत नाही. त्यांचा एक नियम होता. शाहीर श्वासाला थांबो, पाणी प्यायला थांबो, गाता गाता त्याला रडू फुटो, “थो वापस येईपर्यंत सूर सोडाचा नाही.”

हे ऐकत वाढल्यामुळे मला एक खोड लागली. कुणीही गायला लागलं की माझ्या घशात आपोआप खालचा सा लागतो. ऐकणं आणि धरणं मला वेगवेगळं करताच येत नाही. या खोडीपायीच मी एका भल्या माणसाच्या दुखऱ्या जागेवर नेमकं बोट ठेवलं, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

नव्वद साली मी कोलंबसच्या एका औषध कंपनीत लॅबमध्ये कामाला लागले. शेजारच्या टेबलावरची बाई दर मंगळवारी संध्याकाळी एका कॅथलिक चर्चच्या तळघरात गायला जायची. तिथे युरोपातल्या मठांमधलं हजार वर्षांपूर्वीचं लॅटिन गाणं गायचे. वाद्य नाही, ताल नाही, वरच्या आवाजांची ओळ वेगळी आणि खालच्यांची वेगळी असलंही काही नाही. सगळ्यांनी मिळून एकच चाल एका श्वासात म्हणायची. ती म्हणाली, आम्हाला खालचे आवाज कमी पडतात, आणि धर्म कुणी विचारत नाही. मी मनात म्हटलं, आडनाव विचारत नसतील तर येते.

तिथे शिकवणारे गृहस्थ साठीचे होते. उंच, खांद्यात वाकलेले, कोटाला कायम खडूचा हात लागलेला. मूळचे क्रोएशियन, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या एका समुद्रकाठच्या गावचे. तरुणपणी देश सोडून आले ते ओहायोतच राहिले. मी त्यांना मनातल्या मनात मास्तर म्हणायला लागले, कारण जलशात गाणं शिकवणाऱ्याला आमच्याकडे मास्तरच म्हणायचे. पहिल्याच दिवशी मी स्पष्ट सांगितलं की मी बौद्ध आहे, चालेल ना? ते म्हणाले, आधी श्वास घ्यायला शिक, देवाचं नंतर बघू. मला बरं वाटलं.

चार रेघांवर काळे चौकोनी ठिपके, असं त्यांचं नोटेशन. खालचे लॅटिन शब्द मी देवनागरीत लिहून घ्यायचे. चर्चचं लॅटिन जसं लिहितात तसंच बोलतात, त्यामुळे माझे उच्चार अमेरिकन मंडळींपेक्षा चोख यायचे, आणि मास्तर त्यांना माझं उदाहरण द्यायचे. अर्थ न कळता गाण्याचं मला काही वाटत नव्हतं. पालीतली वंदना मी अशीच पाठ केली होती, अर्थ नंतर हळूहळू आत उतरला.

मास्तरांचं खरं वेड मात्र गाणं नव्हतं, युरोप होता. तळघराच्या भिंतीवर त्यांनी मध्ययुगातल्या मठांचा नकाशा लावला होता आणि त्याच्या शेजारी युरोपचा तो नवा निळा झेंडा, सोनेरी ताऱ्यांचा. सीमा, पासपोर्ट, राजे हे सगळं नंतर आलं, ते सांगायचे. त्याआधी आयर्लंडमधला साधू आणि माझ्या गावासमोरच्या बेटावरचा साधू एकाच दिवशी एकच चाल म्हणत होते. युरोप करारांनी होत नाही. एकाच जागी श्वास घेणाऱ्या माणसांनी होतो. हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. मला ते सगळं पटायचं असं नाही, पण ज्याला एवढी मोठी गोष्ट खरी वाटते त्या माणसाचा हेवा वाटायचा.

फक्त तो नकाशा मला खटकायचा. डावीकडे ठिपकेच ठिपके, आणि उजवीकडे एका रेषेनंतर सगळं कोरं. एकदा मी विचारलं, मास्तर, इकडे कुणी राहत नव्हतं का? ते म्हणाले, तिकडचं चर्च वेगळं, तिकडचं गाणं वेगळं. बस, एवढंच. आपल्याला गावकूस कळायला वेळ लागत नाही. गावाचा नकाशा काढताना आमची वस्ती अशीच कोरी सोडलेली असते.

एक्क्याण्णवच्या शरदात युगोस्लाव्हिया फुटला, क्रोएशियन आणि सर्ब एकमेकांवर उठले, आणि मास्तरांच्या गावावर तोफा सुरू झाल्या. सर्ब सैन्य डोंगरावर होतं आणि गाव खाली समुद्राकाठी. त्यांचा थोरला भाऊ गावातल्या जुन्या चर्चच्या घंटाघराखाली आसऱ्याला उभा असताना गेला. मास्तरांनी एकही मंगळवार चुकवला नाही. फक्त शिकवायला सुरुवात करण्याआधी ते त्या निळ्या झेंड्याकडे बघायचे आणि म्हणायचे, आता युरोप येईल, एवढं झाल्यावर गप्प बसणार नाही. आम्ही माना हलवायचो. हिवाळा गेला, युरोप आला नाही.

पुढच्या ईस्टरच्या आधी ते आम्हाला एक विलापगीत शिकवत होते. ओस पडलेल्या शहरासाठी रडायचं, असं ते गाणं. आधी त्यांनी एकट्यानं म्हणून दाखवलं. त्यांचा आवाज म्हाताऱ्याचा होता, पण त्या दिवशी त्यात त्यांचं सगळं गाव आलं होतं. मी डोळे मिटले. आणि माझा सा लागला. मला कळलंही नाही. खूप हलका, ओठ मिटून, तुणतुण्यावर बाबा धरायचे तसा.

मास्तर मध्येच थांबले. कोण करतंय हे, त्यांनी विचारलं. मी शाळेतल्यासारखा हात वर केला. कुठे शिकलीस? म्हटलं, माझ्या वडिलांकडे. ते अगदी शांतपणे म्हणाले,

“हे आमचं नाही. हे त्यांचं आहे.”

पुस्तक मिटून ते जिना चढून निघून गेले. त्यांना आम्ही असं कधी पाहिलं नव्हतं. लॅबमधल्या माझ्या शेजारणीनं मला समजावलं, की गाण्याखाली एकानं असा सूर धरून ठेवायचा ही पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चची रीत आहे. ग्रीकांची, आणि सर्बांची. तोफा ज्यांच्या, त्यांची. माझ्या बापाचं नागपुरी तुणतुणं एका क्षणात शत्रूपक्षात जाऊन बसलं. मला हसूही येत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं होतं.

मी कोट घ्यायला गेले तर खुंट्यांजवळ मास्तरांची बायको उभी होती. ती दर मंगळवारी मागच्या खुर्चीत विणत बसायची आणि शेवटी सगळ्यांना खसखशीचे गोड रोल वाटायची. त्यापलीकडे कुणाशी ती फार बोलत नसे. तिनं माझा दंड धरला. म्हणाली, “पुन्हा कर.” मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ती म्हणाली, हळू कर, माझ्यापुरतं. मी केलं. ती डोळे मिटून उभी राहिली.

ती ‘त्यांच्यातली’ होती. सर्ब, डोंगरापलीकडच्या एका खेड्यातली. तिचे वडील तिथल्या लहानशा चर्चमध्ये गायचे आणि चुलता खाली सूर धरायचा. लग्न करताना तिनं गाव सोडलं, मग देश सोडला, नवऱ्याचं चर्च घेतलं. तोवर या कशाचंच तिला ओझं नव्हतं. लढाई सुरू झाल्यावर मास्तरांच्या चर्चमधल्या बायका तिच्याशी बोलायच्या थांबल्या. एकदा ती शहरातल्या सर्ब चर्चच्या दारापर्यंत जाऊन आली, तर तिथे ती शत्रूची बायको निघाली. ना घरची ना घाटची म्हणतात तसं झालं. लग्न झाल्यापासून तिनं तो सूर ऐकला नव्हता. शनिवारी येशील का, तिनं विचारलं. शनिवारी संध्याकाळी मास्तर चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला जातात.

मग मी दर शनिवारी जायला लागले. तिला काय म्हणायचं हा प्रश्न होता. मी सांगितलं, आमच्यात मोठ्या बाईला काकू म्हणतात नाहीतर मावशी. तिनं फरक विचारला. काकू ही वडिलांकडची, मावशी ही आईची बहीण, असं म्हटल्यावर ती लगेच म्हणाली, मग मावशी. तिच्या तोंडून ते ‘माऊशी’ असं यायचं.

मावशी कणीक तिंबत गायची आणि मी टेबलाशी बसून सूर धरायची. एकच गाणं. तिच्या गावात माणूस गेलं की तिचे वडील मातीजवळ उभे राहून म्हणायचे ते. चाल त्यांच्या खेड्याची होती, कुठल्या पुस्तकात नव्हती. तिचे वडील गेले, गावातली माणसं पांगली, आणि आता ती चाल येणारी तीच एक उरली होती. ती गाताना मी काय करत होते हे नीट सांगते, कारण पुढे त्यालाच महत्त्व आलं. मी तिचं गाणं शिकत नव्हते. सुरत्या शाहिराचं गाणं शिकत नाही. तो शाहिराचा श्वास ऐकतो, कुठे थकतोय, कुठे डगमगतोय, आणि तिथे सूर थोडा घट्ट करतो. वर काय चाललंय ते त्याच्या कानावरून जातं, आणि जाऊच द्यावं लागतं.

घरी माझा नवरा चेष्टा करायचा. “यार, तू बुद्धिस्ट, प्रॅक्टिस करतेस कॅथलिक चर्चमध्ये, आणि होल्ड करतेस ऑर्थोडॉक्स सूर. इंडियाला जाताना कस्टमवाल्याला काय डिक्लेअर करणार?” मी म्हटलं, तुणतुणं. तो हसला, पण शनिवारचा स्वयंपाक त्यानं आपणहून स्वतःकडे घेतला.

एकदा मी मावशीला म्हटलं, मी टेप रेकॉर्डर आणते, कॅसेट करून ठेवू. तिनं मान हलवली. “कॅसेट नको. कॅसेट माणसाशिवायही वाजते.” मग पिठाचे हात धुवत तिनं मला तिला काय हवंय ते सांगितलं. ती गेली की मातीजवळ हेच गाणं व्हायला हवं. खाली सूर मी धरायचा आणि वरचं तिच्या नवऱ्यानं म्हणायचं. पाद्री कुठल्या चर्चचा आला तरी तिची हरकत नव्हती. मी विचारलं, त्यांना येतं का? ती म्हणाली, नाही, शिकवीन. इतकी वर्षं त्याचं सगळं मी शिकले, एक गाणं तो शिकेल.

ते शिकले नाहीत. एका शनिवारी चर्चमधला ऑर्गन बिघडला आणि मास्तर लवकर घरी आले. आम्हाला दार वाजल्याचं ऐकू आलं नाही. मावशीची पाठ दाराकडे होती, ती शेवटच्या ओळीवर होती, आणि मी समोर मास्तरांना बघत होते तरी सूर सोडला नाही. तो माझा बेडरपणा नव्हे, सवय. ओळ संपेपर्यंत ते अंगातल्या कोटासकट उभे राहिले. मग म्हणाले, माझ्या घरात हे नको. मावशी वळली. ती त्यांच्याशी एरवी त्यांच्या भाषेत बोलायची. त्या दिवशी ती इंग्रजीत बोलली, मलाही कळावं म्हणूनच बहुधा.

“तोफगोळे माझ्या गाण्यानं टाकले नाहीत.”

मास्तर गॅरेजमध्ये जाऊन बसले. मला त्यांचा इतका राग आला की मीही मागोमाग गेले. मी म्हटलं, मास्तर, तुम्ही आम्हाला युरोपचा एक श्वास शिकवता आणि तुमच्या नकाशात तुमची बायको कुठेच नाही. आमच्याकडे गावाबाहेर राहणाऱ्यांना गाव लागतं आणि गावाला ते लागतात फक्त मेलेली ढोरं ओढायला. तुम्हीही तसंच करताय. ते मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, “माझा भाऊ मला घंटा ओढायला शिकवायचा. त्याच दोरीखाली तो सापडला. आता तो सूर ऐकला की मला डोंगर दिसतो.” त्यांचंही दुःख खोटं नव्हतं. मी गाडी काढली आणि रडत घरी आले.

त्यानंतर मावशी आमच्याकडे यायला लागली. शनिवारी मी तिला आणायची, ती आमच्या किचनमध्ये गायची, आणि माझी मुलगी अभ्यासाच्या टेबलावरून ओरडायची, “आई, टेल हर इट्स प्रिटी.” मंगळवारी मी चर्चच्या तळघरात ओठ घट्ट मिटून मास्तरांचं लॅटिन गायची, सूर लागू नये म्हणून हातातल्या पेन्सिलीनं तळवा टोचत. नवरा म्हणायचा, सोडून दे ना तो ग्रुप. सोडता येत नव्हता. मास्तरांशी भांडण होतं, पण ते शिकवायचे तसं कुणी शिकवत नव्हतं, आणि मला वाटायचं की मी तिथून उठले तर त्या दोघांच्या मध्ये असलेलं एकुलतं एक माणूस उठेल.

पंचाण्णवच्या उन्हाळ्यात मावशीला कॅन्सर निघाला, फुप्फुसाचा. आयुष्यात सिगरेटला हात न लावलेली बाई. ऑगस्टपर्यंत तिला जिना चढवेना. सप्टेंबरात ती गाण्याची एक ओळ म्हणायची आणि पुढच्या ओळीसाठी मला थांबवायची. मी थांबायची, सूर धरून. कधी कधी दोन ओळींमध्ये इतका वेळ जायचा की मलाच मधूनमधून चोरून श्वास घ्यावा लागे. ती डोळ्यांनी हसायची. म्हणायची, सोडू नकोस, येतेय मी.

मी मास्तरांना विचारलं, तिला मातीजवळ हवंय ते गाणं तिच्याकडून शिकून घ्याल का. या वेळी चिडून नाही. ते म्हणाले, मी तिच्यासाठी लॅटिनमधलं सगळ्यात सुंदर गाणं म्हणेन, मृत माणसाला देवदूत सोबत घेऊन जातात ते. म्हटलं, तिनं ते मागितलेलं नाही. ते म्हणाले, माझ्याकडे तेच आहे.

नोव्हेंबरात मजा झाली. मजाच म्हणायची. युगोस्लाव्हियातल्या लढाईचा तह करायला तिकडचे सगळे पुढारी अमेरिकेनं बोलावून घेतले, आणि बसवले कुठे, तर डेटनच्या लष्करी विमानतळावर. आमच्या घरापासून तासा-दीड तासाच्या ड्राइव्हवर. मावशीचा पलंग तोवर खाली दिवाणखान्यात आणला होता. मास्तर तिच्या शेजारी बसून आवाज बंद केलेला टीव्ही बघायचे. एका दुपारी मी गेले तेव्हा पडद्यावर तेच पुढारी एका टेबलाभोवती होते. मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, मी चार वर्षं युरोपची वाट पाहिली. तो इथे निघाला, मक्याच्या शेतात, विमानांच्या शेजारी. मग म्हणाले, आणि यांनी एका टेबलाशी बसायचं कबूल केलंय.

त्यांनी टीव्ही बंद केला. कपाटातून रेघांचा कागद आणि पेन्सिल आणली, पलंगाजवळ खुर्ची ओढली आणि बायकोच्या हातावर हात ठेवला. एकदा ऐकलेली कुठलीही चाल हा माणूस कागदावर उतरवून घ्यायचा, ते आम्ही कितीदा पाहिलं होतं. त्यांच्या भाषेत ते तिला काहीतरी म्हणाले. अर्थ सांगायची गरज नव्हती. गा, मी लिहून घेतो.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी सूर दिला. मास्तरांच्या घरात, मास्तरांसमोर. तिनं तोंड उघडलं, आणि नुसती हवा आली. ओठ हलत होते, गळ्याची शीर हलत होती, ओळ चालली होती हे मला तिच्या श्वासावरून कळत होतं, पण आवाज नव्हता. मास्तरांची पेन्सिल कागदावर टेकून थांबली होती. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा हवाच. तिसऱ्यांदा मास्तरांनीच तिच्या ओठांवर बोटं ठेवली.

स्वयंपाकघरात येऊन त्यांनी मला धरलं. तू तीन वर्षं ऐकलंयस, म्हणाले, म्हण. मी प्रयत्न केला. एक वळण आठवलं, पुढचं कुठून वर जातं ते येईना. दुसऱ्या ओळीच्या जागी मला तिचं थांबणं आठवत होतं, तिचं पीठ, तिचा दम, ओळ नाही. मी त्यांना समजावून सांगितलं, की माझं काम वेगळं असतं. बाबांचा नियम सांगितला, गाणारा परत येईपर्यंत सूर सोडायचा नाही, एवढंच मला येतं. ते ऐकून घेत होते. चिडले असते तर बरं झालं असतं.

मी शहरातल्या सर्ब चर्चला फोन केला. एका भल्या बाईनं फोनवरच त्यांचं मृतांसाठीचं गाणं म्हणून दाखवलं. छान होतं, पण ते नव्हतं. मावशीच्या कानाशी रिसीव्हर धरला तर तिनं उशीवर मान डावी-उजवी केली.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या आठवड्यात ती गेली. चर्चमधली सर्व्हिस मास्तरांच्या इच्छेनं झाली आणि चांगली झाली. नंतर कबरस्तानात आम्ही गाणारे अर्धवर्तुळात उभे राहिलो. सपाट जमीन, कापलेल्या मक्याचे खुंट, आणि गालाला झोंबणारा वारा. मास्तरांनी हात वर केला आणि आम्ही देवदूतांचं गाणं म्हटलं. ते खरंच सुंदर आहे. ते संपलं, पाद्र्यानं पुस्तक मिटलं, लोक एकमेकांकडे बघायला लागले.

मास्तर आपली जागा सोडून माझ्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले. त्यांनी टोपी काढली. मला म्हणाले, दे. मी सा दिला, तिच्या पट्टीतला. आणि त्यांनी तो धरला. ओठ मिटून, आमच्यासारखा. त्यांचा श्वास संपत आला की मी घट्ट धरायची, माझा संपत आला की ते. दोघांत मिळून सूर कुठे तुटत नव्हता. आम्ही जमीन तयार करून दिली होती आणि त्यावर उभं राहून गाणारं कुणी नव्हतं. वरची जागा रिकामी होती, ती मला जन्मात इतकी ऐकू आली नव्हती. मला तिच्या ओळींची लांबी माहीत होती. मी मनात मोजत गेले, इथे ती श्वास घेईल, इथे थांबेल, इथे म्हणेल येतेय मी. गाणं संपायला हवं होतं तिथून आम्ही पुढे गेलो. लोक पाय बदलत होते. खड्ड्याशी फावडी घेऊन उभे असलेले दोघं हातावर फुंकर मारत होते. मला थांबता येत नव्हतं, बाबा माझ्या मागे उभे होते.

शेवटी मास्तरांनीच माझ्या दंडाला हात लावला.

“पुरे,” ते म्हणाले. “ती येत नाही.”